दीर्घिकांची बखर आणि तिच्या दुरुस्त्या

इतिहास हा माणसांचा असतो, अशी आमची विद्यार्थिदशेपासूनची समजूत होती. कलाशाखेची पदवी घेऊन आम्ही शाळेत इतिहास शिकवू लागलो, तेव्हा राजवंश, लढाया, तह आणि सनावळ्या यांच्यापलीकडे या विषयाची हद्द जाते असे आम्हांस कधी वाटले नाही. डोंगरांना आणि नद्यांनाही इतिहास असतो, हे फार तर भूगोलाच्या शिक्षकमित्रांनी आमच्या गळी उतरविले होते. आकाश मात्र इतिहासाच्या कक्षेबाहेरचे! राज्ये आली आणि गेली, पण पेशवाईतल्या माणसाने अंगणातून जे तारे पाहिले तेच आज आपण पाहतो, असा आमचा भाव होता. अॅरिस्टॉटलच्या काळापासून पश्चिमेकडील विद्वानही जवळजवळ दोन हजार वर्षे हेच मानीत आले. उत्पत्ती आणि क्षय हे पृथ्वीवरचे भोग. वरच्या लोकात सारे अविकारी, असा त्यांचा सिद्धांत होता.

आज ही समजूत पार मोडली आहे. आकाशात दीर्घिका आहेत. त्या जन्मतात, वाढतात, शेजारच्या लहान दीर्घिकांना गिळतात, आणि तारे निर्मिण्याची त्यांची शक्ती कालांतराने ओसरते. किंबहुना, आकाशाला इतिहास आहे हाच गेल्या शंभर वर्षांतला सर्वांत मोठा शोध होय, असे म्हणावयास हरकत नाही. त्या शोधाची हकीकत येथे सांगावयाची आहे. खगोलशास्त्रावर आमचा अधिकार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु साधने कोणती, ती कोणी जमविली, त्यांवरून कोणते निष्कर्ष निघाले आणि पुढे ते कसे बदलले, हे विचारणे इतिहासशिक्षकाचेच काम आहे.

या लेखास एक निमित्तही घडले. कित्येक वर्षे आम्ही नववीच्या वर्गास सांगत आलो होतो की, सुमारे चार अब्ज वर्षांनी देवयानी दीर्घिका आपल्या आकाशगंगेवर येऊन आदळणार, हे आता निश्चित झाले आहे. २०२५ च्या जून महिन्यात नवे गणित प्रसिद्ध झाले. पुढच्या दहा अब्ज वर्षांत अशी टक्कर होण्याचा संभव जेमतेम निम्मा आहे, असे त्यात निघाले. शाळा उघडल्यावर एका विद्यार्थिनीने त्या बातमीचे कात्रण आमच्या टेबलावर आणून ठेवले आणि विचारले, "सर, मग तुम्ही शिकवलेलं खोटं होतं का?" त्या क्षणी आम्हांस नीट उत्तर सुचले नाही. पुढील मजकूर म्हणजे ते उत्तर शोधण्याचा आमचा प्रयत्न आहे.

देवयानी हे नाव मराठी वाचकांस परके नाही. ग्रीकांनी आपल्या एका पुराणकथेतील माणसे आकाशाच्या ज्या भागात बसविली, तेथे आपल्याकडील ज्योतिषग्रंथकारांनी ययातीच्या आख्यानातील देवयानी, शर्मिष्ठा, ययाति आणि वृषपर्वा यांना जागा दिली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 'ज्योतिर्विलास' लिहून मराठी माणसास आकाशाची गोडी लावली. तेही पेशाने शिक्षकच होते, हे आम्हां मास्तरमंडळींनी अभिमानाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. कार्तिकातल्या अंधाऱ्या रात्री नऊच्या सुमारास गावाबाहेर जाऊन माथ्याच्या किंचित उत्तरेस पाहिले, तर देवयानी तारकासमूहात एक धूसर ठिपका नुसत्या डोळ्यांना दिसतो. इसवी सन ९६४ च्या सुमारास पर्शियातील ज्योतिषी अल्-सूफी याने आपल्या ताऱ्यांच्या ग्रंथात त्याची नोंद लहानसा ढग म्हणून केली. हा ढग म्हणजे काय, हे कळावयास त्यानंतर साडेनऊशे वर्षे लागली.

१६१० साली गॅलिलिओने दुर्बिणीतून पाहून आकाशगंगेचा पट्टा असंख्य ताऱ्यांचा आहे हे दाखविले. १७५५ साली जर्मन तत्त्वज्ञ कांट याने त्यावरून एक धाडसी तर्क केला. आपण ज्या ताऱ्यांच्या चपट्या चकतीत राहतो तशा चकत्या आणखीही असाव्यात. आकाशात दिसणाऱ्या अंधुक लंबगोल अभ्रिका त्याच होत, असा तो तर्क. परंतु ग्रंथाचा प्रकाशकच दिवाळखोर झाल्यामुळे तो फारशा वाचकांपर्यंत पोचला नाही. ग्रंथांचे भवितव्य त्यांतल्या विचारांवर नेहमीच अवलंबून नसते, हा अनुभव मराठी लेखकांना निराळा सांगावयास नको.

पुढे विल्यम हर्शेल आणि त्याची बहीण कॅरोलिन यांनी इंग्लंडात अभ्रिका शोधण्याचे अफाट काम केले. हर्शेलची एक कल्पना तर आजही उपयोगी पडते. आकाश एखाद्या बागेसारखे आहे असे त्याला वाटे. बागेतील एकच झाड उगवून वाढून वठेपर्यंत पाहात बसण्याइतके आयुष्य आपल्याला नाही. पण तेथे बी, रोप, फुललेले झाड आणि वठलेले खोड ही सारी एकाच वेळी दिसतात, आणि त्यांवरून झाडाचे चरित्र रचता येते. दीर्घिकांचा इतिहास अजूनही याच रीतीने लिहिला जातो.

१८४५ साली आयर्लंडातील लॉर्ड रॉस याने सहा फूट व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभारली आणि एका अभ्रिकेत भोवऱ्यासारखी वळणे पाहिली. पाण्याच्या भोवऱ्यासारखी ती सर्पिल आकृती त्याने हाताने काढून ठेवली आहे. त्याच वर्षी आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडला, महादुष्काळ आला, आणि दुर्बिणीचे काम काही काळ बंद पडले.

कांटचा तर्क खरा होता. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बहुतेक ज्योतिषी त्याच्या विरुद्ध गेले, आणि तेही पुराव्याच्या आधाराने. १८६४ साली विल्यम हगिन्स याने एका अभ्रिकेचा वर्णपट तपासला, तेव्हा ती निव्वळ तप्त वायूची निघाली. मग साऱ्याच अभ्रिका वायूच्या का नसाव्यात? १८८५ साली देवयानीच्या अभ्रिकेत एक तारा एकाएकी उजळला. ती अभ्रिका फार दूर असती, तर त्या एका ताऱ्याचे तेज कोट्यवधी सूर्यांइतके मानावे लागले असते. ते अशक्य, म्हणून अभ्रिका जवळचीच, असा सरळ निष्कर्ष निघाला. अनुमानाची रीत निर्दोष होती. पण कोट्यवधी सूर्यांच्या तेजाने जळून जाणारे तारे असतात, हे तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. जे ठाऊक नाही त्याला अशक्य म्हणण्याची घाई कशी भोवते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

हा वाद सुटावयास एका मापाची गरज होती, आणि ते माप देणारी व्यक्ती कोणत्याही मोठ्या पदावर नव्हती. हार्वर्ड वेधशाळेत काही स्त्रिया अल्प वेतनावर छायाचित्रांच्या काचा तपासून ताऱ्यांच्या नोंदी करीत. हेन्रिएटा लेव्हिट ही त्यांपैकी एक. तिला ऐकू कमी येई. दुर्बिणीवर बसून वेध घेण्याची संधी अशा स्त्रियांना नव्हतीच. लेव्हिटने मॅजेलनच्या लहान मेघातील रूपविकारी तारे निवडले. ठराविक मुदतीने तेज कमीजास्त होणाऱ्या या ताऱ्यांचा एक प्रकार वृषपर्वा समूहातील एका ताऱ्यावरून ओळखला जातो. मेघातले तारे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. तेव्हा त्यांतला जो अधिक तेजस्वी दिसतो तो खरोखरच अधिक तेजस्वी, हे उघड होते. १९१२ साली अशा २५ ताऱ्यांवरून तिने नियम मांडला : ज्या ताऱ्याचा फेरा लांब, त्याचे खरे तेज अधिक. फेऱ्याचे दिवस मोजले की खरे तेज कळते, आणि दिसणाऱ्या तेजाशी त्याची तुलना केली की अंतर कळते. विश्व मोजण्याची काठी अशी हाती आली. १९२१ साली लेव्हिट निवर्तली. पुढे १९२५ साली एका स्वीडिश गणितज्ञाने नोबेल पारितोषिकासाठी तिचे नाव सुचविण्याच्या हेतूने पत्र पाठविले, तेव्हा तिला जाऊन तीन वर्षे उलटली होती.

दरम्यान, १९२० च्या एप्रिल महिन्याच्या २६ तारखेस वॉशिंग्टन येथे हार्लो शॅपली आणि हेबर कर्टिस यांचा प्रसिद्ध सामना झाला. सूर्य आकाशगंगेच्या मध्यभागी नाही, तो एका बाजूस आहे, हे शॅपलीने नुकतेच दाखविले होते, आणि ते बरोबर होते. परंतु आकाशगंगा म्हणजेच सारे विश्व आणि अभ्रिका तिच्याच परिसरातल्या, हे त्याचे म्हणणे चुकीचे होते. कर्टिसचे अभ्रिकांविषयीचे मत बरोबर, पण आकाशगंगेचे त्याचे माप फारच लहान. दोघेही अर्धे खरे, अर्धे चुकलेले! शॅपलीच्या चुकीमागे एक अगदी मानवी कारण होते. त्याचा मित्र व्हान मानेन याने काही सर्पिल अभ्रिका फिरताना मोजल्याचा दावा केला होता. त्या फार दूर असत्या तर तो वेग असंभाव्य ठरला असता. मित्राच्या मोजमापावर शॅपलीने विश्वास ठेवला. पुढे ते मोजमापच चुकीचे ठरले.

आमच्या मते पुढचा प्रसंग राजवाड्यांच्या शिष्यांना आवडावा असा आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी आपल्याला शिकविले की, बखरी कितीही रसाळ असोत, अस्सल कागद हाती आला की त्यांनी बाजूस व्हावे. असा एक अस्सल कागद १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये माउंट विल्सनवरील शंभर इंची दुर्बिणीखाली एडविन हबल याच्या हाती आला. देवयानीच्या अभ्रिकेचे छायाचित्र घेतलेल्या काचेवर त्याने तीन ठिपके नवतारे म्हणून खुणेने दाखविले होते. जुन्या काचांशी ताडून पाहता त्यांतला एक कमीजास्त होत असल्याचे दिसले. त्याने ती खूण खोडली आणि तेथे रूपविकारी असे उद्गारचिन्हासह लिहिले. त्या ताऱ्याचा फेरा सुमारे ३१ दिवसांचा निघाला. लेव्हिटच्या नियमाने अंतर काढले तेव्हा ते नऊ लक्ष प्रकाशवर्षे आले. आकाशगंगेच्या सीमेच्या कितीतरी बाहेर! १ जानेवारी १९२५ रोजी वॉशिंग्टन येथील सभेत हबलच्या अनुपस्थितीत हा निबंध वाचला गेला. हबलने शॅपलीला पत्राने हा शोध आधीच कळविला होता. पत्र वाचून शॅपलीने ते सहकारिणीपुढे धरले आणि या पत्राने आपले विश्व उद्ध्वस्त केले, अशा अर्थाचे उद्गार काढले. त्याने पुरावा नाकारला नाही. पराभव स्वीकारण्याची ही रीत आम्हांस त्याच्या साऱ्या शोधांहून मोठी वाटते.

आता दीर्घिका स्वतंत्र आहेत हे ठरले. १९२६ साली हबलने त्यांचे वर्गीकरण केले आणि पुढे ते शाळेच्या प्रयोगशाळेतील नादकाट्यासारख्या आकृतीत मांडले. दांड्याच्या जागी गोल व लंबगोल दीर्घिका आणि पुढे दोन शाखांत सर्पिल दीर्घिका. आकृती इतकी सुबक होती की, लंबगोल दीर्घिकाच काळाच्या ओघात चपट्या होऊन सर्पिल बनतात असा अनेकांचा ग्रह झाला. आपल्या क्रमाचा असा कालवाचक अर्थ लावू नये असे हबलने बजावले होते, तरीही आकृतीचा मोह सुटला नाही. आज आपण जवळजवळ उलट मानतो : दोन मोठ्या सर्पिल दीर्घिका एकमेकींवर आदळल्या तर त्यांतून लंबगोल दीर्घिका तयार होऊ शकते. १९७२ साली आलार आणि युरी टूमर या बंधूंनी संगणकावर असे संघात घडवून दाखविले. फळ्यावर काढलेली सुबक आकृती विद्यार्थ्याच्या मनात किती खोल रुजते, हे आपण शिक्षकांनी यावरून ओळखावे.

दीर्घिका एकमेकींपासून दूर जात आहेत, ही गोष्टही याच काळातली. व्हेस्टो स्लायफर याने १९१२ साली देवयानीचा वेग प्रथम मोजला. ती आपल्याकडे सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने येत असल्याचे दिसले; त्यांतला बराचसा वेग सूर्याच्या आकाशगंगेतील फिरण्याचा आहे, हे पुढे कळले. इतर बहुतेक दीर्घिका मात्र दूर जात होत्या. १९२७ साली बेल्जियमचे धर्मगुरू ल्मेत्र यांनी आणि १९२९ साली हबलने दाखविले की, दीर्घिका जितकी दूर तितका तिचा वेग अधिक. म्हणजे विश्व प्रसरण पावत आहे. पण तेव्हाच्या मापाने विश्वाचे वय दोन अब्ज वर्षे भरू लागले, आणि पृथ्वी तर त्याहून जुनी! लेक आईपेक्षा वयाने मोठी निघाली. हा घोटाळा दुसऱ्या महायुद्धाच्या काळोखाने सोडविला. युद्धामुळे लॉस एंजेलिस शहरात दिवे मालवले जात. वाल्टर बाडे हे जर्मन नागरिक असल्यामुळे त्यांना युद्धकार्यात घेतले नव्हते, आणि ती मोठी दुर्बीण त्यांच्या वाट्यास भरपूर आली. त्या अंधारात त्यांनी देवयानीच्या गाभ्यातील तारे वेगळे केले आणि १९४४ साली ताऱ्यांच्या जुन्या व नव्या अशा दोन पिढ्या असल्याचे सांगितले. रूपविकारी ताऱ्यांचेही दोन प्रकार निघाले, आणि १९५२ साली विश्वाची सारी अंतरे एकदम दुप्पट झाली. आजच्या मापाने देवयानी सुमारे २५ लक्ष प्रकाशवर्षे दूर आहे आणि विश्वाचे वय १३८० कोटी वर्षे आहे.

मग या दीर्घिका मुळात झाल्या कशा? आज मान्य असलेली हकीकत थोडक्यात अशी. आरंभी विश्व अत्यंत तप्त आणि जवळजवळ सर्वत्र सारखे होते. त्या काळचा प्रकाश आता थंडावून सूक्ष्मलहरींच्या रूपाने आपल्यापर्यंत येतो. १९६५ साली पेन्झियस आणि विल्सन यांनी तो शोधल्याचे जाहीर झाले. त्या प्रकाशात काही ठिकाणी एक लक्षांशाच्या मानाने सूक्ष्म फरक आहेत, हे १९९२ साली कोबे उपग्रहाने दाखविले. हे फरक म्हणजेच दीर्घिकांचे बी होय. जेथे द्रव्य किंचित अधिक, तेथे गुरुत्वाकर्षण किंचित अधिक. म्हणून आसपासचे द्रव्य तेथे ओढले गेले. पावसाचे पाणी सखल जागी जमावे, आणि जमता जमता त्या जागेस अधिकच खोल करीत जावे, तसे हे घडले.

पण नुसत्या दिसणाऱ्या द्रव्याने हे काम एवढ्या काळात होणे शक्य नव्हते. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी याने अरुंधती-केश समूहातील दीर्घिकांचे वेग मोजून सांगितले होते की, तेथे न दिसणारे पुष्कळ द्रव्य असले पाहिजे. त्याचे म्हणणे बरीच वर्षे कोणी मनावर घेतले नाही. १९७० साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेचे फिरणे मोजले. केंद्रापासून दूरचे भाग मंद फिरावेत अशी अपेक्षा. पण तेही तितक्याच वेगाने फिरत होते. ज्या स्त्रीने हे काम केले तिला पालोमार वेधशाळेत वेध घेण्याची रीतसर परवानगी १९६५ साली मिळाली; तोपर्यंत तेथे स्त्रियांना तशी मुभाच नव्हती. आज असे मानतात की, विश्वात आपल्या ओळखीचे द्रव्य केवळ पाच टक्के असून कृष्णद्रव्य त्याच्या पाचपट आहे. या कृष्णद्रव्याचे गोल पुंजके आधी बनले. मग त्यांत वायू पडला, थंड झाला, मध्यभागी साकळला आणि त्याचे तारे झाले. सायमन व्हाइट आणि मार्टिन रीस यांनी १९७८ साली मांडलेला हा विचार आजही या शास्त्राचा पाया आहे. हे पुंजके जागोजाग सुटे पडलेले नाहीत. १९८६ साली हार्वर्ड येथील संशोधकांनी सुमारे अकराशे दीर्घिकांचा नकाशा काढला, तेव्हा साबणाच्या फेसातील बुडबुड्यांच्या पृष्ठभागांवर असाव्यात तशा त्या दिसल्या; मध्ये विस्तीर्ण पोकळ्या, कडेला धागे आणि भिंती.

आपल्या आकाशगंगेची जडणघडणही एका फटक्यात झाली नाही. १९६२ साली एगन, लिंडन-बेल आणि सँडेज यांनी एकच प्रचंड वायुमेघ वेगाने आकसून ती झाली असे मांडले. १९७८ साली सर्ल आणि झिन यांनी ती लहान लहान तुकड्यांनी हळूहळू जुळत गेली असे म्हटले. १९९४ साली एक छोटी दीर्घिका आकाशगंगेत विरघळत असताना प्रत्यक्ष सापडली. २०१८ साली गाया यानाने मोजलेल्या ताऱ्यांच्या गतींवरून, सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वी एक बरीच मोठी दीर्घिका आकाशगंगेत विलीन झाल्याचे उघड झाले. त्या परक्या दीर्घिकेचे तारे अजूनही निराळ्या चालीने फिरतात, म्हणून ओळखू येतात. संस्थानी गावात वाढलेल्या आमच्यासारख्यांना हे समजणे जड नाही. संस्थान विलीन होते, मुद्रा बदलते, नकाशाचा रंग बदलतो; पण बोलण्याची लकब, सणाची रीत आणि जेवणातली एखादी आमटी तीन पिढ्यांनंतरही आपले मूळ सांगत राहते.

दीर्घिकांच्या उतरत्या वयाचाही हिशेब लागू लागला आहे. विश्वातील ताराजन्माचा भर सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वी होता. आज आकाशगंगेत वर्षाला जेमतेम एकदोन सूर्यांइतक्या द्रव्याचे तारे जन्मतात. फुटणाऱ्या ताऱ्यांचे धक्के आणि केंद्रस्थ कृष्णविवरांची ऊर्जा वायूला तापवितात, त्यामुळे तो साकळत नाही, हे याचे एक कारण. दुसऱ्यावर प्रकाश टाकणारे काम पुणे जिल्ह्यातील खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीने केले. २०२० साली तेथील संशोधकांनी साडेसात हजारांहून अधिक दूरस्थ दीर्घिकांचे संकेत एकत्र करून आठ अब्ज वर्षांपूर्वीचा हायड्रोजन मोजला. त्या काळी दीर्घिकांपाशी वायू पुष्कळ होता, पण खर्चही तसाच होता. बाहेरून नवी भर पडली नाही तर एकदोन अब्ज वर्षांत शिल्लक संपावी, असे ते मान होते. मिळकत आटली की खर्चिक घराचे जे होते तेच येथे झाले!

या इतिहासातील एका मराठी नावाचा उल्लेख केल्यावाचून लेख पुरा होणार नाही. जयंत नारळीकर यांचा जन्म १९३८ साली कोल्हापुरास झाला. पण ते वाढले बनारसला. वडील तेथील विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. बृहन्महाराष्ट्रातल्या घरात मराठी कशी टिकते, हे त्यांच्या 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राच्या वाचकांस सांगावयास नको. केंब्रिजमध्ये ते फ्रेड हॉइल यांचे शिष्य आणि मग सहकारी झाले. हॉइल यांचा स्थिर-स्थिती सिद्धांत म्हणे की, विश्वाला आरंभ नाही. ते पसरत जाते आणि रिकाम्या जागी नवे द्रव्य निर्माण होते. म्हणजे एकेका दीर्घिकेला इतिहास आहे, पण विश्वाला मात्र नाही. १९६५ नंतर बहुसंख्य शास्त्रज्ञ या मताच्या विरोधात गेले. नारळीकरांनी मात्र महास्फोटाच्या कल्पनेवरील आपल्या शंका कधी लपविल्या नाहीत आणि १९९३ साली सहकाऱ्यांसह सुधारलेला पर्यायही मांडला. त्याच वेळी १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या 'आयुका' या संस्थेचे संस्थापक-संचालक म्हणून त्यांनी आपल्याशी सहमत नसलेल्या संशोधकांनाही मोकळे घर दिले. २०१७ साली 'सरस्वती' हा सुमारे चारशे कोटी प्रकाशवर्षे दूरचा दीर्घिकांचा महासमूह जाहीर झाला, त्यात या संस्थेतील संशोधकांचा मोठा वाटा होता. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले. त्यांचे मत बहुमताविरुद्ध राहिले. परंतु मत मांडण्याची आणि दुसऱ्याचे ऐकण्याची त्यांची रीत कधीच चुकली नाही, असे आम्हांस वाटते.

आणि ही बखर अजून संपलेली नाही. २०२१ च्या डिसेंबरमध्ये उडालेल्या वेब दुर्बिणीने विश्व तीस कोटी वर्षांचेही नव्हते त्या काळची दीर्घिका २०२४ साली दाखविली. ती अपेक्षेपेक्षा अधिक तेजस्वी होती. २०२५ च्या अखेरीस पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी याच दुर्बिणीच्या छायाचित्रांतून एक सुडौल सर्पिल दीर्घिका शोधली आणि तिला 'अलकनंदा' हे नाव दिले. विश्व अवघे दीड अब्ज वर्षांचे असताना ती अशी नीटनेटकी झाली होती. इतक्या लहान वयात एवढी शिस्त येईल, असे मागच्या पिढीच्या पुस्तकांत कोठेही नव्हते. ती पुस्तके आता पुन्हा सुधारावी लागतील.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळू. २०१२ साली हबल दुर्बिणीच्या मोजमापांवरून देवयानीची टक्कर निश्चित ठरली होती, आणि ते मोजमाप काळजीपूर्वक केलेले होते. २०२५ च्या गणिताने त्यात मॅजेलनच्या मोठ्या मेघाची ओढ जमेस धरली आणि मोजमापांतील अनिश्चितताही पुरती हिशेबात घेतली. तेव्हा आम्ही शिकविले ते खोटे नव्हते; परंतु 'निश्चित' हा शब्द आमचा होता, आणि तो मात्र चुकला. खोटे आणि अपुरे यांत भेद आहे. खोटे बोलणाऱ्यास सत्य ठाऊक असते आणि तो ते लपवितो. अपुरे जाणणारा आपल्यापाशी आहे तेवढे पुढे ठेवतो. मात्र ते अपुरे आहे हे सांगावयास तो विसरला, तर ऐकणाऱ्याच्या दृष्टीने दोघांत फारसा फरक उरत नाही. हे आमच्या ध्यानात यावयास नववीतल्या एका मुलीचे कात्रण कारणीभूत झाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात गेलो आणि फळ्यावर दोन सने लिहिली : २०१२ आणि २०२५. पहिल्या सनापुढे जे शिकविले होते ते लिहिले, दुसऱ्यापुढे नवे. खाली आणखी एक ओळ मोकळी सोडली. ती कशासाठी, असे मुलांनी विचारले. ती तुमच्यापैकी कोणी भरावयाची आहे, असे आम्ही सांगितले. ज्या मुलीने कात्रण आणले होते तिने ती मोकळी ओळही आपल्या वहीत उतरवून घेतली.